गिटारचा आवाज पत्र्यासारखा का झाला?

स्नेहसंमेलनाची आदली संध्याकाळ होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या पटांगणावर मांडव उभा राहिला होता. नववीतील एक मुलगी मामाची जुनी गिटार घेऊन रंगमंचावर बसली. वर्गात ती वाजवू लागली की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प होत. पण उद्या समोर पाच-सहाशे माणसे बसणार! म्हणून मांडववाल्या काकांनी गिटारच्या घोडीजवळ एक पितळी चकती चिकटवली, तिची वायर मिक्सरच्या मायक्रोफोनच्या सॉकेटमध्ये खुपसली आणि कर्णे चालू केले.

कर्ण्यातून जो आवाज आला तो ऐकून सगळेच हसले. पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा तो आवाज होता. जाड तारांचा घुमारा कुठेच नव्हता. काकांनी आवाज वाढवला, तेव्हा चिंचोक्यांचे खडे झाले एवढेच. शिवाय मागे एकसारखी गुणगुण सुरू झाली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "सर, ही माझी गिटारच नाही. मी उद्या वाजवणार नाही."

विद्यार्थिमित्रांनो, यात दोष कोणाचा? गिटार चांगली होती. चकती नवी होती. मिक्सर आणि कर्णे तर रोज लग्नात आणि सप्ताहात चांगले चालत होते. दोष यांपैकी कशातच नव्हता. तो होता एकाला दुसरे जोडण्यात. विज्ञानात असे पुष्कळदा घडते. हा दोष कसा शोधायचा आणि कसा दूर करायचा, ते आज पाहू.

चकतीच्या पोटात काय आहे?

स्वयंपाकघरातील गॅस पेटवायचा लायटर तुम्ही पाहिला आहे. त्यात ना बॅटरी, ना विजेची वायर; तरी खटका दाबताच ठिणगी पडते. त्याच्या आत एक विशिष्ट पदार्थाचा तुकडा असतो आणि खटक्याने त्यावर ठोका बसतो. काही पदार्थांवर दाब दिला की त्यांच्या दोन बाजूंवर धन आणि ऋण विद्युतभार जमा होतात. या गुणधर्माला दाबविद्युत म्हणतात. प्येर क्यूरी आणि त्यांचे थोरले बंधू झाक क्यूरी यांनी १८८० साली पॅरिसमध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर प्रयोग करून हा गुणधर्म शोधून काढला. हेच प्येर क्यूरी पुढे मेरी क्यूरींबरोबर रेडियमच्या शोधामुळे जगाला ठाऊक झाले.

गिटारवर चिकटवलेली चकती याच जातीची. पितळी पत्र्यावर दाबविद्युत असलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा पातळ थर बसवलेला असतो. गिटारची तार कंप पावते, तिच्याबरोबर घोडी आणि लाकडी फळी थरथरते, चकती किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. दर थरथरीला थोडासा विद्युतभार जमा होतो. तारेचे कंपन असे विजेच्या भाषेत उतरते.

लायटरमध्ये ठोका जोराचा असतो म्हणून हजारो व्होल्टची ठिणगी पडते. गिटारची थरथर अगदी नाजूक, म्हणून येथे जमा होणारा विद्युतभार फारच थोडा असतो. तो जपून वापरावा लागतो. नेमके येथेच घोडे पेंड खाते.

भोक पडलेली कळशी

समजा, एका कळशीच्या बुडाला भोक आहे. तुम्ही तीत थोडे पाणी ओतले आणि लगेच आत डोकावलात, तर पाणी दिसेल. ओतल्यावर गप्पा मारत बसलात आणि मग पाहिलेत, तर कळशी रिकामी! पाणी दिसेल की नाही, हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे: भोक केवढे आहे आणि तुम्ही किती वेळाने पाहता.

चकती ही कळशी, आणि विद्युतभार हे पाणी. चकतीची वायर आपण ज्या यंत्राला जोडतो, त्याच्या आतून विद्युतभाराला गळून जायला वाट मिळते. त्या वाटेचा रोध कमी असेल तर भोक मोठे. रोध जास्त असेल तर भोक लहान.

आता आकडे घालून पाहू. बाजारात मिळणाऱ्या २७ मिलिमीटर व्यासाच्या चकतीची धारिता साधारण ०.०२ मायक्रोफॅरड असते. मिक्सरच्या मायक्रोफोन-सॉकेटचा रोध साधारण २,००० ओहम धरू. रोध आणि धारिता यांचा गुणाकार केला की काळ मिळतो. येथे तो येतो ०.००००४ सेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग. एवढ्याशा काळात जमा झालेल्या विद्युतभारापैकी निम्म्याहून अधिक गळून जातो.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते. तिच्या एका कंपनात चकती एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकते. एका बाजूला वाकलेली अवस्था सुमारे सेकंदाचा १६४ वा भाग टिकते. एवढ्या वेळात कळशी कितीतरी वेळा रिकामी होऊन जाते! गणित केले तर त्या जाड तारेच्या मूळ सुराचा जेमतेम पन्नासावा हिस्सा मिक्सरपर्यंत पोहोचतो.

मग जे ऐकू आले ते काय होते? तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतेचे बारीक सूरही उमटतात. नखाचा टकटक आवाजही असतो. ही कंपने सेकंदाला चार-पाच हजार वेळा होतात. ती इतकी झटपट येतात की विद्युतभाराला गळायला सवडच मिळत नाही. म्हणून जाड सूर गळून गेले आणि बारीक कर्कश सूर तेवढे शिल्लक राहिले. चिंचोक्यांचा आवाज तो हाच.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून दाखवले तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे मी आवाज वाढवत होतो, पण जे आधीच गळून गेलं ते वाढणार कसं?" याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

भोक लहान करणारी पेटी

उपाय उघड आहे. कळशीचे भोक लहान करायचे. त्यासाठी चकती आणि मिक्सर यांच्यामध्ये एक छोटी पेटी जोडतात. तिला प्रीअँप किंवा पूर्वप्रवर्धक म्हणतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ती चालते. तिच्या तोंडाशी बहुधा फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर असतो. हा ट्रान्झिस्टर समोरच्या विद्युतदाबाची नोंद घेतो, पण त्यातून प्रवाह जवळजवळ घेतच नाही. अशा पेटीचा प्रवेशरोध दहा लाख ओहम, म्हणजे १ मेगओहम किंवा त्याहूनही जास्त ठेवता येतो.

पुन्हा गुणाकार करा. १० लाख ओहम गुणिले ०.०२ मायक्रोफॅरड, उत्तर ०.०२ सेकंद. म्हणजे विद्युतभार गळायला आता सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. जाड तारेचे कंपन त्याच्या आत येऊन जाते, म्हणून तिचा सूर जवळजवळ पूर्ण मिळतो.

काही गिटारींमध्ये चकतीऐवजी घोडीवरील पट्टीच्या खाली एक बारीक कांडी बसवलेली असते. तिची धारिता चकतीच्या सुमारे विसाव्या भागाएवढी, म्हणजे ०.००१ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. कळशी लहान, म्हणून भोकही आणखी लहान हवे. तिच्यासाठी १० मेगओहम प्रवेशरोधाची पेटी वापरतात, ती याच कारणाने.

पेटी चकतीच्या जवळ ठेवण्याचा दुसराही फायदा आहे. समजा, वाद्याचा संकेत २ मिलिव्होल्ट आहे आणि मांडवातून जाणाऱ्या लांब वायरीत आजूबाजूच्या विजेच्या तारांमुळे ०.२ मिलिव्होल्टची गुणगुण शिरते. गुणगुण संकेताच्या दहाव्या हिश्श्याएवढी झाली. ती स्पष्ट ऐकू येईल. पण संकेत वायरीत शिरण्यापूर्वीच शंभरपट वाढवला तर तो २०० मिलिव्होल्ट होतो. गुणगुण मात्र ०.२ मिलिव्होल्टच राहते, म्हणजे हजारावा हिस्सा. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी अंगात बळ असावे, तसे हे आहे.

मग सरळ मायक्रोफोनच का नको?

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? गिटारसमोर मायक्रोफोन ठेवला की झाले! प्रश्न योग्य आहे. चकतीला फक्त ती चिकटलेल्या जागेची थरथर कळते. आपला कान मात्र सबंध लाकडी फळी, पोटातील हवा आणि तारा यांचा मिळून झालेला आवाज ऐकतो. मायक्रोफोन कानासारखाच हवेतून ऐकतो, म्हणून त्याचा आवाज अस्सल वाटतो.

पण मायक्रोफोन कर्ण्याचा आवाजही ऐकतो. तो आवाज पुन्हा वाढून कर्ण्यातून येतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणि काही क्षणांत किंकाळी फुटते. प्रत्येक गावाच्या सभेत ही किंकाळी ऐकलेली असते. गिटारच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिच्या पोटातील हवा सेकंदाला साधारण १०० कंपनांच्या सुराला स्वतःच घुमू लागते. कर्णा जवळ असेल तर गिटारच घुमून हे चक्र सुरू करते.

या चक्राशी मुद्दाम खेळणारे वादकही आहेत. इंग्लंडमधील 'द हू' या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी विद्युत गिटार कर्ण्यासमोर धरून ही घुमणारी किंकाळी संगीतात वापरली. त्यांचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते मेहेरबाबांचे अनुयायी. १९७१ सालच्या त्यांच्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातील 'बाबा' म्हणजे मेहेरबाबाच.

अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेला दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी तेथे मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते पाळले. त्यांच्या समाधीपाशी दरवर्षी जानेवारीअखेर अमरतिथीचा मेळावा भरतो. देशोदेशींची माणसे येतात आणि आपापल्या भाषेत भजने म्हणतात. हार्मोनियम-तबल्याशेजारी साधी लाकडी गिटार दिसते, ती येथे. ३१ तारखेला दुपारी बारा वाजता तेथे हजारो माणसे पंधरा मिनिटे मौन पाळतात. ध्वनीचा अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवावे, की चांगल्या ध्वनियंत्रणेची खरी परीक्षा आवाजात नव्हे, तर शांततेतच होते. कोणी बोलत नसताना कर्णाही गप्प राहिला पाहिजे.

कित्ता गिरवणारी पेटी

चकती किंकाळीपासून वाचवते, मायक्रोफोन अस्सल आवाज देतो. दोघांचे गुण एकत्र करता येतील काय? गेल्या काही वर्षांत अशा पेट्या निघाल्या आहेत. अमेरिकेतील ऑडिओ स्प्रॉकेट्स कंपनीची टोनडेक्स्टर ही त्यांपैकी एक.

तिचे काम कित्ता गिरवण्यासारखे आहे. वादक शांत खोलीत बसतो. गिटारची चकती आणि समोरचा मायक्रोफोन दोन्ही पेटीला जोडतो आणि थोडा वेळ वाजवतो. एकच सूर पेटीला दोन वाटांनी ऐकू येतो. पेटीतील गणकयंत्र तुलना करते: या वारंवारतेला चकतीचा आवाज मायक्रोफोनपेक्षा इतका जास्त, त्या वारंवारतेला इतका कमी. हा फरक ती लक्षात ठेवते. मग कार्यक्रमाच्या वेळी मायक्रोफोन काढून टाकतात. चकतीचा आवाज आला, की पेटी तो फरक भरून काढते आणि मायक्रोफोनसारखा आवाज पुढे पाठवते. कर्ण्याजवळ मायक्रोफोनच नाही, म्हणून किंकाळीची भीतीही कमी.

येथे मायक्रोफोन हा कित्ता आहे. कित्ताच वेडावाकडा असेल तर अक्षर कसे सुधारेल? म्हणून शिकवतेवेळी मायक्रोफोनसाठी बाहेरचा चांगला प्रीअँप जोडावा काय, असा प्रश्न वादक विचारतात. उत्तर शोधण्यासाठी मायक्रोफोनची गरज समजून घेऊ.

मायक्रोफोनची गरज चकतीच्या उलट आहे. गायक वापरतात त्या साध्या मायक्रोफोनमध्ये चुंबकाजवळ तारेचे वेटोळे हलते. त्याचा स्वतःचा रोध दोन-तीनशे ओहम एवढाच, म्हणून मिक्सरचे २,००० ओहम त्याला मुळीच जाचत नाहीत. पण त्याचा संकेत एक-दोन मिलिव्होल्ट असतो. तो १ व्होल्टपर्यंत न्यायचा तर पाचशे ते हजारपट वाढवावा लागतो. इतके वाढवताना स्वतःची खरखर न मिसळणे, हे मायक्रोफोनच्या प्रीअँपचे खरे कसब.

खरखर पूर्णपणे मात्र कोणालाच टाळता येत नाही. प्रत्येक रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची धावपळ चालू असते आणि तिचा अगदी बारीक आवाज होतो. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. १५० ओहम रोधाचा आपल्या कानाच्या कक्षेतील हा आवाज सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट येतो. २ मिलिव्होल्टच्या संकेतापुढे तो नऊ हजारांत एक एवढाच. निसर्गाने आखून दिलेल्या या रेषेच्या जितके जवळ जावे, तितका प्रीअँप चांगला.

आता प्रश्नाचे उत्तर. पेटीत स्वतःचा प्रीअँप असेल आणि मायक्रोफोनचा संकेत पुरेसा वाढत असेल, तर बाहेरच्या प्रीअँपने फारसा फरक पडत नाही. खरखरीचा गिटारच्या सुरांशी काही संबंध नसतो. त्यामुळे पुष्कळ सुरांची सरासरी घेताना ती बरीचशी पुसली जाते. मायक्रोफोन फार मंद असेल आणि पेटी कमी पडत असेल, तर मात्र बाहेरचा प्रीअँप उपयोगी पडतो. पण तो जोडताना दोन्हीकडे आवाज वाढवून ठेवला, तर संकेताचे शेंडे छाटले जातात. ही विकृती सरासरीने पुसली जात नाही. पेटी तीही शिकण्याचा प्रयत्न करते आणि फसते.

खरा फरक पडतो तो मायक्रोफोनच्या जागेने. गिटारची दांडी पोटाला मिळते त्या जागेसमोर, सुमारे ३० सेंटिमीटरवर मायक्रोफोन ठेवावा. पोटावरील भोकासमोर ठेवला तर नुसता घुमारा येतो. खोली प्रतिध्वनी देणारी नसावी. रिकाम्या वर्गापेक्षा गाद्या-गोधड्या असलेली खोली बरी. हे सारे फुकट आहे. महाग पेटीआधी ते करून पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे: तिसरी पिन

आता त्या गुणगुणीकडे वळू. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ५० आणि १०० हर्ट्झची ती गुणगुण वायरीतून शिरते. दोन यंत्रे दोन वेगळ्या ठिकाणच्या बोर्डांना जोडलेली असतील, तर त्यांच्या भूसंपर्काच्या तारांचे मोठे वेटोळे तयार होते आणि गुणगुण वाढते.

त्या संध्याकाळी काकांनी पक्कड घेतली आणि ते प्लगची तिसरी, जाड पिन तोडायला निघाले. "ही काढली की आवाज जातो," ते म्हणाले. खरे आहे, कधीकधी जातो. पण ती पिन म्हणजे भूसंपर्क. यंत्रात बिघाड होऊन वीज त्याच्या धातूच्या आवरणात उतरली, तर तिला जमिनीत नेणारी वाट तीच. ती तोडली तर वीज वादकाच्या हातातून आणि गायकाच्या ओठातून वाट काढते. शरीरातून गेलेले ३० मिलिअँपिअरसुद्धा जीवघेणे ठरू शकतात. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हे तरुण गिटारवादक भर रंगमंचावर मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने गेले. तेथेही भूसंपर्क नीट नव्हता.

शिक्षकांनी काकांचा हात धरला. गुणगुण घालवण्याचे सुरक्षित उपाय आहेत. रंगमंचावरील सगळी ध्वनियंत्रे एकाच बोर्डावरून जोडावीत. विजेच्या वायरी आणि आवाजाच्या वायरी बरोबर नेऊ नयेत. दोन उलट्या संकेतांची संतुलित केबल वापरावी. तिच्यात दोन्ही तारांत सारखीच शिरलेली गुणगुण वजाबाकीत नाहीशी होते. आवाजाच्या वाटेवर रोहित्र असलेली पेटी घालून वेटोळे तोडता येते. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक उपकरण असावे. तिसऱ्या पिनेला मात्र कधीही हात लावू नये.

करून पाहा

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून २७ मिलिमीटरची चकती आणा. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिला दोन वायरी डाखून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिटार-ॲम्प्लिफायरला जोडा. त्याचा प्रवेशरोध बहुधा १ मेगओहमच्या जवळ असतो. चकती तुणतुण्याला किंवा एकतारीला चिकटवा आणि ऐका. मग चकतीच्या दोन वायरींमध्ये २.२ किलोओहमचा रोध जोडा. घुमारा नाहीसा होईल आणि चिंचोके वाजू लागतील. १०, १०० आणि ४७० किलोओहमचे रोध एकामागून एक लावून पाहा, आणि कोणत्या रोधाला घुमारा परत येतो ते वहीत लिहा. हीच चकती सप्ताहातील वीणेलाही लावता येते. टाळ-मृदंगात तिचा सूर बुडून जातो, आणि तो खर्जाचा सूर असल्याने त्यालाच कळशीचे भोक सर्वांत जास्त नडते.

आणि त्या मुलीचे काय झाले? तालुक्याच्या गावातील एका वादकाने ९ व्होल्टच्या बॅटरीची छोटी पेटी एका रात्रीपुरती दिली. दुसऱ्या दिवशी तिने जाड तार छेडली, तेव्हा मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या मामाने मान वर केली. आवाज त्याच्या ओळखीचा होता.